अभिषेक म्हणजे नक्की काय, आणि घरी तेल लावून प्रार्थना करायची तर कशी

जय ख्रिस्त सगळ्यांना. गेल्या महिन्यात आमच्या ऐरोलीच्या कॉटेज मिटिंगला (म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला) घणसोलीच्या एक मावशी आल्या, मिटिंग संपल्यावर पर्समधून बोटाएवढी बाटली काढली आणि म्हणाल्या, ताई हे अभिषेकाचं तेल आहे, एका मोठ्या सभेत घेतलं होतं, आता संपत आलंय तर तुमच्याकडे रिफिल मिळेल का. रिफिल! मला आधी हसू आलं आणि मग लगेच ओशाळल्यासारखं झालं, कारण मावशी मस्करी करत नव्हत्या, मिस्टरांचे गुडघे दुखतात म्हणून रोज एक थेंब पुरवून पुरवून वापरत होत्या बिचाऱ्या. मग मी तिथेच बसलेल्यांना विचारलं की अभिषेक म्हणजे काय हो. एक ब्रदर म्हणाले पॉवर. एक सिस्टर म्हणाली अंगावर काटा येतो ना, ते. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला की वर्शिपमध्ये लाइट कमी करून कीबोर्डवाला हळू काहीतरी वाजवत राहतो तेव्हा जे वाटतं ते. मुलगा प्रामाणिक आहे म्हणून मला आवडतो.

तर हे त्या मावशींसाठी आणि त्या मुलासाठी लिहितेय, आणि ज्यांना "फार अभिषेक आहे हो त्यांच्यावर" ऐकून मान हलवायची सवय लागलीय त्यांच्यासाठी पण. मी काही पाळक (पास्टर) नाही, बायबल कॉलेजला गेलेली नाही, आई नगरकडची त्यामुळे संडे स्कूल मात्र कधी चुकलं नाही, एवढंच.

आधी शब्दाचा घोळ सोडवा

आपल्या मराठी कानाची इथेच गडबड होते. ठाण्यातल्या माणसाला अभिषेक म्हटलं की जांभळी नाक्याजवळचं कौपिनेश्वर आठवणार, श्रावणी सोमवारची रांग, पिंडीवर दूध-पाणी. तिथे अभिषेक देवाला होतो आणि करतो माणूस. बायबलमध्ये दिशा उलटी आहे, अभिषेक करवतो देव आणि होतो माणसाला (किंवा भांड्याला, वेदीला, मंडपाला). त्यामुळे अभिषेक हा शब्द वाचताना पिंडी बाजूला ठेवा आणि राज्याभिषेक आठवा, तो जास्त जवळ आहे. ६ जून १६७४ ला रायगडावर काय झालं? महाराजांकडे किल्ले आधीच होते, सैन्य होतं, कारभार चालूच होता. मग बदललं काय, तर हा माणूस कोण आहे आणि याचं काम काय आहे हे चारचौघांत जाहीर झालं. बायबलातल्या तेलाचं पहिलं काम तेच.

हिब्रूत मूळ क्रियापद आहे मशह, म्हणजे साधं चोपडणं, माखणं. त्यावरून मशीहा, म्हणजे ज्याला तेल माखलंय तो. ग्रीकमध्ये त्याचंच झालं ख्रिस्तोस. म्हणजे येशू ख्रिस्त यातलं ख्रिस्त हे आडनाव नाहीये (लहानपणी मला खरंच आडनाव वाटायचं, योसेफ ख्रिस्त, मरिया ख्रिस्त असं), तो हुद्दा आहे, अभिषिक्त. आणि आपण स्वतःला ख्रिस्ती म्हणतो तेव्हा त्या अभिषिक्ताचे लोक म्हणतो.

अजून एक बारीक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. नव्या करारात तेलाला दोन वेगवेगळी ग्रीक क्रियापदं येतात. एक ख्रिओ, जे देवाने नेमणूक करण्यासाठी वापरलंय. दुसरं अलेइफो, म्हणजे रोजचं तेल लावणं, चोळणं. येशू सांगतो की उपास केला की तोंड धू, डोक्याला तेल लाव, तिथे हे दुसरं. शिष्य आजाऱ्यांना तेल लावायचे (मार्क ६:१३) आणि याकोबाच्या पत्रात मंडळीतल्या वडील म्हणजे ज्येष्ठ लोकांनी तेल लावून प्रार्थना करावी (५:१४), तिथेही हेच दुसरं, घरगुती. मराठीत दोन्हीकडे भारदस्त अर्थ चिकटतो आणि मग बाटलीला रिफिल लागतं.

चार संध्याकाळी चार उतारे

मला कोणी विचारलं की समजायला सुरुवात कुठून करू, तर मी एकदम योहानाच्या पत्रात उडी मारायला सांगत नाही. या क्रमाने वाचा, एका संध्याकाळी एकच, जेवण झाल्यावर, मोबाईल लांब ठेवून.

पहिल्या दिवशी बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा अध्याय ३०, ओवी २२ पासून. पवित्र तेलाची कृती आहे. ५०० शेकेल (जुनं वजन) बोळ म्हणजे एक सुगंधी डिंक, २५० दालचिनी, २५० सुगंधी वेत म्हणजे आपल्या वेखंडासारखं काहीतरी, ५०० तज, आणि एक हिन (जुनं माप) जैतुनाचं म्हणजे ऑलिव्हचं तेल. आजच्या मापात मसालाच साधारण १७ किलो होतो आणि तेल साडेतीन-चार लिटर. एका उत्साही ब्रदरने मला सांगितलं की सिस्टर आपण तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून सगळं आणून बनवूया का, मी म्हटलं खालच्या दोन ओळी वाच. तिथे स्पष्ट लिहिलंय की हे तेल सामान्य माणसाच्या अंगावर ओतायचं नाही, आणि या कृतीने दुसरं बनवलं तर बनवणाऱ्याला लोकांतून काढून टाकायचं. म्हणजे "बायबलमधल्या रेसिपीचं तेल" अशी जाहिरात कुठे दिसली तर विकणाऱ्याने तेवढाच पॅराग्राफ वाचलेला नाही एवढं समजा.

दुसऱ्या दिवशी लेवीय ८ आणि १४ एकापाठोपाठ. हे कोणी प्रवचनात घेत नाही आणि मला सगळ्यात जास्त हेच आवडतं. ८ मध्ये मोशेचा भाऊ अहरोन महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित होतो, डोक्यावर तेल ओततात, आणि बलिदानाचं रक्त त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात. आता १४ मध्ये या. कोडी बरा झालाय, ज्याला वस्तीबाहेर हाकललं होतं तो परत येतोय, आणि त्याच्याही उजव्या कानाला, हाताच्या अंगठ्याला, पायाच्या अंगठ्याला आधी रक्त आणि मग त्यावर तेल, उरलेलं तेल त्याच्या डोक्यावर. ज्या जागा महायाजकाच्या त्याच जागा त्या हाकललेल्या माणसाच्या. मी हे पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं तेव्हा ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये होते आणि माझं रबाळे स्टेशन गेलं.

तिसऱ्या दिवशी १ शमुवेल १६. दावीदाला शिंगातलं तेल ओतून अभिषेक होतो आणि त्या दिवसापासून देवाचा आत्मा त्याच्यावर येतो. पण मग लगेच काय होतं? काही नाही. पुढच्याच प्रसंगात तेव्हाचा राजा शौल दावीदाच्या बापाला निरोप पाठवतो की मेंढरांजवळ असलेला तुझा मुलगा दावीद पाठव. अभिषेक झाला आणि माणूस परत मेंढरांकडे! मग कित्येक वर्षं पळापळ, गुहा, रानं, ३० व्या वर्षी यहूदाचा राजा आणि मग अख्ख्या इस्राएलाचा, तेव्हा परत तेल, म्हणजे एकूण तीनदा. हे त्या लोकांना सांगा ज्यांना रविवारी प्रार्थना करून घेतली की सोमवारी प्रमोशन पाहिजे असतं.

याच दिवशी वेळ असेल तर यशया ४५:१ बघा, कोरेश राजा, पारसचा म्हणजे इराणचा, ज्याला देवाची ओळखच नव्हती असं तो अध्याय स्वतः म्हणतो, आणि तरी त्याला अभिषिक्त म्हटलंय, का तर बंदिवासातल्या लोकांना सोडायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. तेलाचा थेंब नाही, उपासना नाही, अंगावर काटा नाही, फक्त काम. माझं म्हणणं या एका ओवीवरून पण सिद्ध होतं, की अभिषेक म्हणजे देवाने कामाला लावणं आणि त्या कामाला लागेल तेवढं बळ देणं. बळ पहिलं नाही येत, काम पहिलं येतं.

चौथ्या दिवशी लूक ४ आणि १ योहान २ एकत्र. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडतो आणि वाचतो की प्रभूचा आत्मा माझ्यावर आहे कारण त्याने मला अभिषेक केलाय, आणि पुढे कशासाठी ते आहे: गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, चिरडलेल्यांना मोकळं करणं. लोकांना पहिला अर्धा भाग पाठ असतो. योहानाच्या पत्रात दोन ठिकाणी (२:२० आणि २:२७) ख्रिस्मा म्हणजे अभिषेक हा ग्रीक शब्द येतो, अख्ख्या नव्या करारात हा शब्द तेवढ्याच दोन ओव्यांत आहे, आणि तिथे तो काय म्हणतो तर तुम्हाला, म्हणजे सगळ्या मंडळीला, अभिषेक आहे आणि तो तुमच्यात राहतो. कोणा एका स्टेजवरच्या माणसाला नाही. उलट तिथे भीती होती ती चुकीचं शिकवून लोकांना आपल्यामागे ओढणाऱ्यांची, त्यांना तो ख्रिस्तविरोधक म्हणतो, आणि अशांना ओळखायला तुम्हाला अभिषेक दिलाय असा त्याचा मुद्दा आहे. म्हणजे ज्या गोष्टीचं नाव घेऊन प्रश्न बंद करतात ती मुळात प्रश्न पडावेत म्हणून दिलेली!

कोणाकडे काय पद्धत

मिक्स सोसायटीत राहतो आपण म्हणून हे थोडक्यात माहीत असलेलं बरं. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जाणारी माझी ईस्ट इंडियन कॅथलिक मैत्रीण आहे, तिने मला त्यांच्याकडची तीन तेलं समजावली. एक आजाऱ्यांचं, एक बाप्तिस्म्याच्या तयारीतल्या लोकांचं, आणि तिसरं क्रिझम, ज्यात सुगंधी बाल्सम घालतात आणि जे बाप्तिस्मा, दृढीकरण आणि याजकदीक्षेला वापरतात. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, बिशप ही तेलं तयार करतात आणि मग ती सगळ्या चर्चेसना जातात. आजाऱ्यांचं तेल त्यांच्यात फक्त फादरच लावू शकतात, कपाळाला आणि तळहातांना. आणि एक गैरसमज, शेजारी फादर तेल घेऊन आले की आपल्याकडच्या बायका कुजबुजतात की गेलं वाटतं माणूस. तसं नाहीये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेने) १९६३ मध्येच सांगितलं की हा मरणाऱ्यांचाच संस्कार नव्हे, मोठ्या ऑपरेशनआधी, म्हातारपणी अशक्तपणा आला तरी घेता येतो, आणि परत परत घेता येतो. १९७२ पासून तर जैतुनाचं तेल नसेल तर दुसरं वनस्पतीचं तेल पण चालतं त्यांच्याकडे.

वाशी-नेरुळचे मल्याळी सिरियन ऑर्थोडॉक्स लोक बाळाला बाप्तिस्म्याबरोबर लगेचच तेल लावतात, त्याला ते मूरोन म्हणतात. आमच्यासारख्या मराठी मंडळ्यांत जुनी माणसं तेलाला जरा बिचकूनच असतात, पाळकसाहेब हात ठेवून प्रार्थना करतात, झालं. आणि पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्यांत अभिषेक हा शब्द बोलण्यात सगळ्यात जास्त. त्यांना नाव ठेवायची घाई करू नका, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला जे संजीवन (रिव्हायव्हल) झालं ते लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या आधीचं आहे, जिथून पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली असं सहसा सांगतात, ती चळवळ काही सगळी बाहेरून आलेली नाही. आणि त्या मुली नुसत्या रडत बसल्या नव्हत्या, गटागटाने गावांत सुवार्ता सांगायला गेल्या.

आता घरी प्रार्थना करायची तर

इथे याकोब ५:१४ हाच आधार. क्रम तिथेच दिलाय आणि लोक तो उलटा करतात. आजारी माणसाने बोलवायचं असतं. म्हणजे आपण टोळीने जाऊन झोपलेल्या माणसाच्या कपाळाला तेल लावून यायचं नाही. आमच्या ओळखीत एका सुनेने सासूबाई झोपल्या असताना लावलं, सासूबाई ख्रिस्ती नाहीत, जाग आली आणि त्यांना वाटलं आपल्यावर काहीतरी करणी करतेय, सहा महिने बोलणं बंद होतं. विचारा. नाही म्हणाले तर नुसती प्रार्थना करा, ती पण मनात.

मंडळीच्या वडिलांना (म्हणजे ज्येष्ठांना) बोलवा असं लिहिलंय, एकट्याला नाही, अनेकवचन आहे. दोघं-तिघं जा. बाई आजारी असेल तर सोबत बाई असू दे आणि तेल तिनेच लावू दे. आधी बसा, चहा देतील तो घ्या, ऐका. माणसाला काय होतंय हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय प्रार्थनेला सुरुवात केली की प्रार्थना डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी होते, सगळ्यांना एकच गोळी.

तेल कुठलं? याकोबाने ब्रँड सांगितलेला नाही. ऑलिव्ह ऑइल असेल तर छान, नसेल तर घरातलं खोबरेल घ्या, वाटीत चमचाभर. वेगळा मंत्र नाही, देवाला सांगा की प्रभू हे तेल साधं आहे आणि हा माणूस तुझा आहे. बोटावर एक थेंब, कपाळाला लावा, "प्रभूच्या नावाने" असं म्हणा, आणि बरं होण्यासाठी प्रार्थना करा, स्पष्ट, आढेवेढे न घेता. ओरडू नका, शेजारी नाइट शिफ्टवाले झोपलेले असतात आणि देवाला ऐकू येतं. डोक्याला धक्का देऊन पाडू नका. चार-पाच मिनिटं पुरे, आजारी माणूस दमतो. मग एखादं गीत त्याला आवडणारं. २३ वं स्तोत्र वाचा, त्यात डोक्याला तेल लावतोस असं येतं ना, मूळ हिब्रूत तिथे राजाच्या अभिषेकाचं क्रियापद नाहीच, घरी आलेल्या पाहुण्याचं लाडाने केलेलं आहे, दिवाळीच्या पहाटे आई डोक्यावर तेल थापते तसं. आजाऱ्याला हे सांगितलं की हसतो.

हॉस्पिटलात असाल, कळव्याला म्हणा किंवा कुठेही, तर आधी नर्सला विचारा. ऑक्सिजन लावलेला असेल तर तोंडाजवळ तेल न्यायचंच नाही, आग लागण्याचा धोका असतो, हाताच्या मागे लावा किंवा सोडून द्या. टाक्यांवर, जखमेवर, सलाईनच्या जागेवर नाही. प्यायला तर अजिबात नाही. आणि गोळ्या चालू ठेवायच्या, हे मी दोनदा लिहायला तयार आहे, गोळ्या चालू ठेवायच्या. त्या काळी तेल हेच औषध पण होतं, येशूच्या गोष्टीतला चांगला शोमरोनी जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्यामुळे तेल लावलं म्हणून औषध बंद करणं म्हणजे अर्थाचा अनर्थ. "विश्वास असेल तर इन्सुलिन सोड" असं कोणी म्हटलं तर त्या घरातून उठून या.

कोणी "मी अभिषिक्त आहे" म्हणालं तर

मग काय करायचं? ठरलेलं वाक्य येतं, माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. स्तोत्र १०५:१५. उघडा आणि वरच्या ओव्या वाचा. तिथे अभिषिक्त कोण, तर अब्राहाम, इसहाक, याकोब, संख्येने थोडे, परक्या देशात या राष्ट्रातून त्या राष्ट्रात फिरणारे, आणि हात लावू नका हे कोणाला सांगितलंय तर राजांना. दुबळ्यांच्या बाजूने बलवानांना दिलेली ताकीद आहे ती, आणि आज वापरतात माइकवाले खुर्च्यांवर बसलेल्यांविरुद्ध.

दुसरं म्हणतात दावीदाने शौलाला मारलं नाही. बरोबर, मारलं नाही. पण गुहेतून बाहेर येऊन त्याच्या कपड्याचा कापलेला तुकडा वर धरून सगळ्या सैन्यासमोर मोठ्याने विचारलं की माझा अपराध काय. तलवार नाही चालवली, प्रश्न मात्र विचारला. नाथान संदेष्ट्याने दावीदाला विचारला, पौलाने पेत्राला विचारला, सगळ्यांदेखत. तेव्हा हिशोब विचारणं म्हणजे अभिषिक्ताला हात लावणं होत नाही. आणि पैसे घेऊन काही देत असेल तर प्रेषितांची कृत्ये ८ वाचायला द्या, आत्मा देण्याचा अधिकार विकत घ्यायला शिमोनाने पैसे पुढे केले तेव्हा पेत्र काय बोलला ते फार सौम्य नाहीये.

मी स्वतः एकच बघते, तो माणूस लूक ४ मधल्या कोणाजवळ सापडतो का. ठाण्याच्या सेंट्रल जेलमध्ये कैद्यांना भेटायला दर महिन्याला जाणारे एक रिटायर्ड काका आहेत, गाणं बेसूर, प्रार्थना अडखळत, त्यांच्यावर "अभिषेक आहे" असं कोणाच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही.

त्या मुलाला मी पुढच्या शुक्रवारी कागद दिला, त्यावर लूक ४:१८ मधले चार गट लिहिले आणि म्हटलं प्रत्येकापुढे तुझ्या ओळखीच्या एका माणसाचं नाव लिही, कीबोर्ड नंतर. त्याने तीन लिहिली, चौथ्याला अडला, आंधळ्यांना दृष्टी, म्हणाला माझ्या ओळखीत आंधळं कोणी नाही. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला मोतीबिंदू आहे. पुढच्या आठवड्यात दोघं डोळ्यांच्या कॅम्पला जाणार आहेत.

आणि मावशींची बाटली. त्यांनी मला विचारलं की मग आता यात जे उरलंय त्याचं करू काय, टाकलं तर पाप लागेल का. मी वास घेतला, थोडं खवट व्हायला लागलं होतं पण वापरण्यासारखं होतं. म्हटलं मावशी, रात्री जरा कोमट करा आणि काकांच्या गुडघ्यांना चांगलं चोळून द्या, थेंब थेंब नाही, सगळं. आणि डॉक्टरकडे एकदा एक्सरे काढून घ्या.